झुंबर उंट परत आला की नाही

"आधी मुक्या जिवाला पाणी, मग गोष्ट!"

मंदाकिनीमावशीचं हे वाक्य झाल्याशिवाय घडियाळी पोळ या गुजरातेतल्या जुन्या गल्लीत रविवारची गोष्ट कधी सुरू झाली नाही. पोरं घरून तांब्या भरून आणत, गाई-कुत्र्यांच्या कुंडीत ओतत आणि मग मावशीच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसत.

मावशीनं जन्मभर बालवाडी चालवली. तिच्या मांडीवर चित्रकथेच्या कात्रणांचं जुनं बाड असे. तिचे वडील रेल्वेत होते. मुंबईच्या गाडीनं येणारं साप्ताहिक ते आणत, मावशीची आई त्यातलं मुलांचं पान कापून खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवी. झुंबर नावाच्या दयाळू उंटाची ती गोष्ट. तो मुंग्यांना पाठीवरून ओढ्यापार नेई, उन्हात वासरावर सावली धरून उभा राही, कुंभाराच्या पांगळ्या पोरीला जत्रेला घेऊन जाई. रंग उडून उडून झुंबर आता सायीसारखा फिका दिसे.

शेवटचं पान मात्र बाडात नव्हतं. त्या आठवड्यात रेल्वेचा संप झाला, गाडी आलीच नाही. झुंबर वाळूच्या वादळात सापडला तो सापडलाच. लहानग्या मंदानं मग शेवट स्वतः रचला. पहाटे कुंभाराच्या पोरीला उंटाच्या गळ्यातली घंटा ऐकू येते, दार उघडते तर समोर झुंबर! तोच शेवट तिनं जन्मभर सांगितला.

गेल्या रविवारी मावशीचा सुभानपुऱ्यात राहणारा भाचा समरजित धापा टाकत आला.

"मावशी, मिळालं! एका रद्दीवाल्याकडे होतं ते शेवटचं पान. झेरॉक्स आणलीय."

मावशीनं चष्मा लावला. वाचून होताच तिनं कागद मांडीवर ठेवला.

"शुं थयुं, काय झालं मावशी? वाचा ने!" पोरं ओरडली.

इतकी वर्षं आपण पोरांना खोटं सांगितलं, हे तिला एकदम लागलं. लपवावं असंही वाटलं असेल. पण तिनं वाचलं. झुंबर परत येत नाही. गावकरी त्याची दगडी मूर्ती उभारतात.

मग पाणीगेटहून आजीकडे येणारी मोहना फणकारली, "असं कसं? मागच्या रविवारी तर तो आला होता!"

"पण छापलंय तसं, बाळा."

"छापणाऱ्यांना घंटा ऐकू आली नसेल. बहेरा हशे बिचारे!"

पोरं खदखदून हसली. मावशी हसली नाही. ती मोहनाकडे वळली. "मग तूच सांग. तुला ऐकू आलं ते."

मोहनानं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. तिच्या गोष्टीत झुंबर वाळू झटकत आला आणि पोरीनं त्याला खाकरा खाऊ घातला. मावशीच्या गोष्टीत खाकरा कधीच नव्हता. तिनं टोकलं नाही.

पोरं "हजी एक, अजून एक" म्हणत मोहनाला बिलगली, तेव्हा मावशीनं बाड, आता तिचंच असल्यासारखं, हळूच मोहनाशेजारी ठेवलं आणि पदर खोचत ओट्यावरून उतरली. पोळीच्या तोंडाकडे ती सावकाश चालत गेली. पोरांचं लक्ष नव्हतं. एकटा समरजित, हातात झेरॉक्स धरून, ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता.