धाकट्या वॉल्टरची जमीन

"मालकाचं राहू द्या. ताबा कुणाचा?" असं विचारून आमच्या समोरच्या ताई चष्मा काढायच्या आणि त्याच्या काडीनं टेबलावर टकटक करायच्या. मग प्रश्न तळघरातल्या बेवारशी सायकलीचा असो, नाहीतर ताटलीत उरलेल्या शेवटच्या वड्याचा.

तुमच्याही शेजारात असं एक माणूस असेलच. आधी आपण त्याला हसतो, मग त्याच्यावाचून आपलं अडतं. इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला, आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, एक ताईंचं. जिना पुसायची पाळी दर आठवड्याला बदलते. ज्याची पाळी त्याच्या दारावर 'केअरवोखे', म्हणजे झाडलोटीचा आठवडा, असं लिहिलेली लाकडी पाटी लटकते. ताईंची पाळी कधी चुकली नाही.

ताई नाशिकच्या, वय पंचेचाळिशीपुढे. कॉलेजातली नोकरी सोडून इथल्या विद्यापीठात पीएचडीला आलेल्या. विषय काय, तर मध्ययुगातलं एक इंग्रज घराणं आणि त्याच्या जमिनी. मराठी बाई, जर्मनीत बसून, इंग्रजांची शेतं शोधते हे ऐकून मी पहिल्याच भेटीत खो खो हसलो होतो.

"हसा," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं त्यांनी आपल्या जमिनी मोजल्या. आता आपण त्यांच्या मोजू."

त्या घराण्यातला त्यांचा लाडका म्हणजे वॉल्टर, आठशे वर्षांपूर्वीचा. जुन्या दस्तांत तो कुठे खटल्यातला वादी, कुठे दानपत्रावरचा साक्षीदार. त्याची जमीन वर यॉर्कच्या बाजूला होती, तशी पार दक्षिणेत केंटमध्येही. एक साधा माणूस देशाच्या दोन टोकांना जमीन करून मोठा कसा झाला, हाच त्यांच्या प्रबंधाचा कणा. ताई त्याच्याबद्दल गावाकडच्या आतेभावासारखं बोलायच्या. "वॉल्टरनं कुरण घेतलं हो," असं जिन्यात सांगायच्या आणि मीही विचारायचो, "पाण्याखालचं आहे का?"

एकच गोष्ट खटकायची. एकाच सुमारास वॉल्टर यॉर्कला कोर्टात हजर दिसे आणि केंटलाही. घोडा कितीही दामटला तरी ते शक्य नव्हतं.

"कारकुनाचा घोळ," ताई निकाल द्यायच्या. "कारकून सगळीकडचे सारखेच."

पुढे आमच्या मुलाचं बारसं आलं. इथे आत्या कुठून आणायची? तो मान ताईंना दिला. आई पुण्याहून आली होती आणि नातवाला माझ्या बाबांचं नाव ठेवायचं म्हणून हटून बसली होती. पण ते नाव माझ्या दादाच्या मुलाला आधीच गेलेलं. "एका घरात एका नावाची दोन माणसं कशी ठेवायची?" म्हणून शेवटी तीच हळहळली. खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा पेढा खात होते. त्यांना मी ही अडचण समजावून सांगितली.

"का नाही?" ते म्हणाले. "माझे पणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ, तिघंही योहान. बाप्तिस्म्याला मूल ज्याच्या हातात, त्याचं नाव मुलाला. तिघांना धरणारा योहान एकच."

"एक गेल्यावर दुसऱ्याला ठेवलं असेल," ताई म्हणाल्या.

"नाइन, नाइन," आजोबांनी नकारार्थी मान हलवली. "तिघं एकाच टेबलावर जेवायचे."

ताईंनी चष्मा काढला. टकटक झाली नाही. बाळाच्या कानात त्यांनी कुर्र केलं, नाव सांगितलं. जेवायला न थांबताच त्या गेल्या.

त्या आठवड्यात जिना तसाच राहिला. पाटी ताईंच्या दारावर आणि पायऱ्यांवर माती, हे आमच्या इमारतीनं प्रथमच पाहिलं. आजोबांनी दोनदा वर येऊन बघितलं. शेवटी मी बेल वाजवली.

खोलीभर जमिनीवर कागद पसरले होते. भिंतीशी यॉर्क, खिडकीशी केंट.

"कारकून बरोबर होता," ताई म्हणाल्या. "भाऊ आहेत हो हे. दोघंही वॉल्टर. अशी घरं असतात हे मी पुस्तकात वाचलेलं. पण जिवंत भावाचं नाव दुसऱ्या भावाला कुणी ठेवेल, हे आपल्या मनाला शिवतच नाही ना. बायका दोन दिसल्या, तर ह्याचं दुसरं लग्न मीच लावून मोकळी झाले."

प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा होता. वेळेत दिला तर विद्यापीठात पुढची जागा त्यांच्यासाठी तयार होती. नाही दिला तर जागा जाणार आणि जागेबरोबर इथे राहायचा परवानाही.

"ताई, सबमिट करून टाका," मी म्हणालो. "तुमच्या गाइड प्रोफेसर बाईंनी ओके केलंय ना? करेक्शन नंतर एखाद्या पेपरमध्ये द्या. आठशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस काय तक्रार करणार आहे?"

"थोरला नाही करणार. धाकटा करेल. त्याची शेतं, त्याची बायको, सगळं मी भावाच्या नावावर चढवलंय." त्या खिडकीजवळचे कागद सारखे करत राहिल्या. "वडील गेल्यावर माझ्या भावांनी हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. वाईट कुणीच नव्हतं, सगळ्यांच्या सोयीचं होतं. पण आज आमचा सातबारा बघितलात तर वडिलांना मुलगी होती असं दिसत नाही."

खरं तर मला त्यांचा रागच आला होता. माझ्या मुलाची आत्या एका मेलेल्या इंग्रजापायी चालली होती.

ताई प्रोफेसर बाईंना भेटायला गेल्या, त्या दिवशी मी घरूनच काम केलं. कामात लक्ष नव्हतं, कान जिन्याकडे. दुपारी पावलं वाजली आणि मी दार उघडलं.

"बाई म्हणाल्या, गेनाऊ, हेच बरोबर. पुन्हा लिहा." ताई किल्ली शोधत होत्या. "आणि म्हणाल्या, जागा थांबणार नाही."

"मग?"

"मग नाशिक."

निघायच्या दिवशी पाळी आमची होती, तरी सकाळीच सगळा जिना पुसलेला दिसला. बाळाला पोटाशी धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. माझ्या बायकोला रडू आवरेना आणि मी उगाचच बॅगांची वजनं बघत होतो.

प्रबंध त्यांनी नाशिकहून पूर्ण केला. परवा मेसेज आला, "धाकट्याला त्याची जमीन मिळाली. स्वतंत्र प्रकरण."

मी विचारलं, "आणि तुमची?"

"ती भावांकडेच. यंदा द्राक्षं चांगली आहेत म्हणे."

समोरचं घर डागडुजीसाठी अजून रिकामंच आहे. जिना दर आठवड्याला मीच पुसतो. पण ताईंच्या आठवड्यात पाटी काढून त्यांच्या दारावर लावतो. रिकाम्या घरावर पाटी कशाला, मालक काय म्हणेल, असं बायको विचारते.

मी म्हणतो, मालकाचं राहू दे.