आकृतीत दिसते म्हणून

परक्या शाळेत, परक्या वर्गाला शिकवून दाखवायचं आणि मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष नि मुख्याध्यापक आपल्याला जोखत बसणार. याला डेमो म्हणतात. बी.एड. झाल्यापासून मी असे अकरा दिले, अकराही पाण्यात. त्या दिवशी देऊळगाव राजाहून चिखलीच्या एसटीत बसले, ती बाराव्या डेमोला. पुढच्या महिन्यात माझी वयोमर्यादा संपणार होती. ही नोकरी गेली की दिराच्या झेरॉक्सच्या दुकानात जन्मभर उभं राहायचं. मला नव्हतं राहायचं.

नववीचा वर्ग, समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय. दोन बाजू समान, तर त्यांच्यासमोरचे कोन समान. झोपेतून उठवलं तरी सांगीन मी. वरच्या कोनाचा दुभाजक काढायचा, एकाचे दोन त्रिकोण होतात, ते एकरूप दाखवायचे. दोन बाजू आणि मधला कोन, म्हणजे बाकोबा कसोटी. पण माझं सगळं लक्ष मागच्या बाकावर. पहिल्या ओळीत समान बाजू लिहिल्या, दुसरीत सामाईक बाजू. तिसरीत कोन लिहायचा, तर मी पायाचे दोन तुकडे समान लिहून टाकले आणि खाली तिन्ही बाजूंची बाबाबा कसोटी.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, खालचे दोन तुकडे सारखे कशावरून? ते तर दिलंच नाही."

बरोबर होतं तिचं. एक ओळ पुसली असती तर भागलं असतं. पण मागं अध्यक्षांचं पेन कागदावर टेकलेलं, आणि मला नुसता बारावा नकार दिसत होता.

"आकृतीत दिसून राह्यलं ना तुले? बस खाली," मी खेकसले. वर्ग हसला. ती बसली.

अध्यक्षांचा धान्याच्या अडतीचा धंदा, मुख्याध्यापक मराठीचे. गणितातलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. वर्गावर पकड चांगली आहे म्हणाले आणि मला घेतलं, वर्गही तोच दिला.

उद्या वर्गात चूक सांगून टाकू, असं मी रोज ठरवायची. रोज जीभ रेटायची नाही. मग घटक चाचणीत नेमकं तेच प्रमेय आलं. सगळ्या पेपरांत माझीच तिसरी ओळ, आणि पुढं कंसात कारण : आकृतीत दिसते. मार्क कापले तर अख्खा वर्ग एकाच ठिकाणी कसा चुकला, हे मुख्याध्यापक विचारणार. मी अजून कायम झाले नव्हते. सगळ्यांना पूर्ण मार्क दिले. स्वतःची किळस आली, तरी दिले.

पेपर वाटताना ती मुलगी टेबलाशी आली. तिच्याही पेपरात तीच ओळ होती. मला राहवलं नाही. हळूच विचारलं, "तुले तर माहीत होतं ना? मग काऊन लिहिलं असं?"

"मार्क पाहिजे होते मॅडम," ती म्हणाली.

मी पुढचा नंबर पुकारला.