केशरबाई हात लावत न्हाई

केशरबाईचा मला लई राग यायचा. दुष्काळात दूध संस्थेनं जनावरांच्या छावणीत आमा मोठ्या माणसांचा वर्ग लावलता अन् शिकवायला ही शिरूर कासारची बाई धाडलती. उभा जलम मी म्हशीमागं काढला, मला ही काय शिकवणार? तरी रोज दुपारी लिंबाखाली जाऊन बसायचो, अन् तिनं काई इचारलं की सगळ्यात आदी माझं तोंड चालायचं. जनावर फुगलं तर? गोडतेल पाजायचं. कसं? बांबूच्या नळकांड्यानं, गालाच्या कोपऱ्यातून, थोडं थोडं. जीभ धरायची का? अजिबात न्हाई. जीभ धरली की गिळता येत न्हाई, तेल फुफ्फुसात जातं.

सगळे म्हणायचे, वा रे बंकट! केशरबाई तेवढी म्हणायची, "बंकटभाऊ, करून दावा." मी हसण्यावारी न्यायचो. म्हशीला तेल पाजणं हे काय शिकायचं काम हाय?

मग छावणीत लसूणघासाचा ट्रक आला. उसाचं वाळलेलं वाढं चघळून कावलेली जनावरं त्या हिरव्यावर तुटून पडली. थोड्याच वेळात माझी म्हैस फुगली. डावी भकाळी, बरगडीमागची खोलगट कूस, नगाऱ्यावाणी टम्म, तोंडाला फेस, श्वास घेता येईना. रानात त्या साली कुसळसुदिक उगवलं नव्हतं. तिच्या दुधावरच घरात चूल पेटत होती. डॉक्टर सिरसाळ्याहून निघालते, पण तवर ती टिकायची कुठली?

केशरबाई पळत आली. नळकांडं तेलानं भरून माझ्या हातात दिलं अन् हाताची घडी घालून उभी राहिली.

"बाई, तुमीच पाजा! माझे हात कापायलेत."

"कापू द्या. पाजा."

मी म्हशीचं तोंड आभाळाकडं केलं, जीभ खसकन बाहेर ओढली अन् नळकांडं लावलं. म्हैस ठसकली.

"बंकटभाऊ, डाव्या हातात काय धरलंय?"

बघतो तर जीभ! आमचा बाप अशीच धरायचा. सोडली, पण मस्तक भडकलं. "माझी म्हैस मरायली अन् तुमी तमाशा बगायलाव व्हय? काळीज हाय का दगड?"

"उद्या मी दुसऱ्या गावाला असंन," ती म्हणली. "तवा कुणाला हाक मारताल?" डोळे भरून आलते तिचे, पण घडी काई सुटली न्हाई.

मी म्हशीची मान सरळ धरली. गालातून घोट घोट तेल सोडलं, ठसकली की थांबलो. पुढचे पाय उंचवट्यावर चढवले अन् भकाळी चोळत राह्यलो. ती खाली बसली असती तर संपलंच होतं. लई वेळानं तिनं मोठी ढेकर दिली. मी तिथंच मातीत बसून पोरावाणी रडलो.

डोळे पुसतोय तवर पल्याडच्या दावणीतून किंकाळी आली. माझी थोरली चुलत बहीण, रतनबाई. तिची म्हैस फुगलती. मी नळकांडं घेऊन धावलो, तेल भरलं, अन् काय झालं कुणास ठाऊक, तिच्याच हातात दिलं.

"अक्का, तू पाज."

"तुजा मुडदा बशिवला मेल्या! म्हैस मरायली माझी, अन् हुबा राहून बगतूस?" एका हातानं तिनं म्हशीची जीभ ओढलती.

"शिव्या मग दे अक्का," मी म्हणलं. "आदी जीभ सोड."