रामटेकच्या दगडावरचा वटवट्या

माझ्या मित्राने मला फसवलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, मी साड्या विकायचो, आणि ज्या पक्ष्यावरून त्याने मला फसवलं तो मुठीत मावेल एवढा होता.

सत्तरच्या दशकात नागपुरात आमचं आठ-दहा जणांचं पक्षीमंडळ होतं. मंडळाचे प्रमुख एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणत. सर जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी करत होते. नवा पक्षी दोघांनी पाहिला असेल तरच ते यादीत घेत. नियम चांगला होता. आदल्या वर्षी मित्राला अंबाझरी तलावाकाठच्या बोरूच्या गवतात एक वटवट्या दिसला, तेव्हा दुसरा साक्षीदार मीच झालो होतो. कमरेएवढ्या चिखलात उभा राहिलो, पक्षी नीट दिसला, मगच हो म्हणालो.

वटवट्यांपुढे भले भले हात टेकतात. सगळे मळकट, चिमणीहून लहान, एका जागी ठरत नाहीत. हिवाळ्यात येणाऱ्यांपैकी दोन तर सख्ख्या भावांसारखे: दोघांचं पोट पिवळं, दोघांच्या डोळ्यांवर पिवळी भुवई. एकाला आम्ही नुसता पिवळा म्हणायचो, दुसऱ्याला गंधकी. गंधकी आपल्याकडे येतच नाही, असं सरांचं मत होतं.

मी कोष्ट्याच्या घरातला. चौथीत शाळा सुटली, दुकान स्वतःच्या जिभेवर उभं केलं. दोन खेपांत रंगवलेलं पिवळं सूत एका साडीत आलं तर मला ते दारातूनच कळायचं. तरी पक्ष्याच्या बाबतीत मी रंगावर विसंबलो नाही, कारण उन्हात रंग फसवतो. मी चाल पाहायचो. पिवळा झुडपात पानोपानी उड्या मारतो. गंधकी दगडाला चिकटून, बाजूबाजूने सरकत चढतो.

जानेवारीतल्या एका सकाळी रामटेकच्या टेकडीच्या मागच्या अंगाला तो मला दिसला. मित्र शेजारी होता. दुर्बीण एकच; मी ती लगेच त्याच्या हातात दिली. पक्षी अख्ख्या दगडाला वळसा घालून वर गेला, तोवर तो बघत होता.

"पायलं ना गा?" मी विचारलं.

"पायलं ना. पालीसारखा चढून राहिला होता."

"मंग कोनता?"

"गंधकीच. दुसरा कोनता राहते?"

रविवारी सरांच्या व्हरांड्यात बैठक झाली. मी सगळं सांगितलं. सर हसले. "शेठ, हे साडीचं दुकान नाही," म्हणाले, आणि मित्राकडे वळले. तो कपातल्या चहाकडे बघत बसला. मग म्हणाला की अंतर बरंच होतं, ऊन डोळ्यांवर होतं, पिवळाही असू शकेल. सरांनी मोठ्या मनाने सुचवलं की 'वटवट्या, जात अनिश्चित' असं लिहू. मी आयुष्यभर भाव केले, पण पक्षी काही मधोमध तुटत नाही. मी उठलो आणि जे बोललो त्याचा मला आजही पस्तावा नाही.

बाहेर फाटकाशी मित्राला धरलं. "सरांसंग वाद काहून घालतं गा, एका पाखरासाठी?" तो म्हणाला. त्याला ते पाखरू वाटलं. माझ्यासाठी तो माझ्या डोळ्यांचा शब्द होता, आणि माझ्याजवळ दुसरी पदवी नव्हती.

दोन वर्षांनी यादी सायक्लोस्टाइल होऊन आली. गंधकी त्यात होता. जागा: रामटेकची टेकडी. पाहणारे: सर. दुसरा साक्षीदार: माझा मित्र.

मी यादी घेऊन त्याच्या घरी गेलो. त्या वेळी खात्री नव्हती, आता झाली, असं तो शांतपणे म्हणाला. टेकडी तीच, पक्षी तोच, डोळे तेच. बदललं काय, तर शेजारी उभा असलेला माणूस.

सर आता नाहीत, आणि त्यांच्यावर माझा तेवढा रागही नाही. त्यांनी त्या सकाळी काही पाहिलं नव्हतं. शंका घ्यायचा त्यांना हक्क होता. पाहिलं होतं ते तू, मित्रा. तू आता नागपूरजवळ बेशात राहतोस, पोरांना पक्षी दाखवायला नेतोस असं ऐकतो. मंडळातले जे चार जण उरलेत त्यांच्यासमोर ये. त्या सकाळी दगडावर कोणता पक्षी चढत होता, आणि तुला तो कोणता दिसला, हे सांग. आणि व्हरांड्यात तू खोटं का बोललास, तेही तुझ्याच तोंडून सांग.