डावी मूठ

लेकीच्या उष्टावणाला आमच्या सास्तूरच्या घरात बायका मावत नव्हत्या. खिरीचं बोट चाटवून झालं, की आमच्याकडं बाळापुढं वही, पेन, अंगठी, मातीचं ढेकूळ असं मांडतात. बाळ जे उचलेल, ते त्याचं पोटापाण्याचं काम. लेकीनं पेन उचललं. पेन होतं तिच्या डाव्या बाजूला, पण तिनं उजवा हात छातीवरून पार तिकडं नेला.

"आत्तापास्नं उजव्या हाताची हाय बघा! लई गुणाची," चुलतसासूबाई म्हणाल्या. लेक कलेक्टर होणार हे बायकांनी तिथंच ठरवून टाकलं. मला ते कौतुक झोंबलं, कारण मी दुसऱ्या हाताकडं बघत होते. मूठ मिटलेली, अंगठा आत. आंघोळीला ती मूठ मला रोज सोडवावी लागायची, आणि लंगोट बांधताना डावा पाय ताठ लागायचा.

"आत्या, हिचा डावा हात पुढं येतच न्हाय," मी सासूबाईंना म्हणाले.

"तेल जोरात चोळ. उगं लेकरात खोड काढू नको."

नवरा म्हणाला, मोबाईलवर काहीबाही वाचत बसू नकोस. माझा पारा चढला. वाचायचं काय त्यात, मला डोळे आहेत! दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन दवाखान्यात निघाले, तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. धाराशिवपर्यंत एसटीत लेकीला त्यांनीच मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनी लेकीचा उजवा हात हलकेच धरला आणि डावीकडं खुळखुळा वाजवला. ती रडकुंडीला आली, पण डावा हात उठला नाही.

"वर्षाच्या आत लेकरू एकच हात वापरत असेल, तर दुसरा हात अडलेला असू शकतो," ते म्हणाले. पुढच्या तपासण्यांत ते खरं ठरलं. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली होती. सेरेब्रल पाल्सी, डाव्या बाजूची.

"माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"काहीच नाही. उलट लवकर आणलंत. पायाला पुढं पट्टा लागेल कदाचित, पण ती चालेल असं वाटतं. आता त्या हाताला काम द्यायचं."

मी तिथंच हमसून रडले. खरं सांगते, जीव भांड्यात पडला होता. इतके दिवस नुसती भीती होती, आता करायला काहीतरी होतं.

घरी रोज थोडा वेळ उजव्या हाताला पायमोजा चढवून खेळवायचं. लेक चिडायची, आम्हीही चिडायचो. असे कितीतरी महिने गेले.

परवा ती सासूबाईंच्या मांडीवर होती. अचानक तिनं डाव्या हातानं त्यांच्या कानामागचे केस धरले आणि असा हिसका दिला, की त्या कळवळल्या. मी सोडवायला धावले. डोळ्यांतून पाणी वाहत असताना सासूबाई माझ्यावरच ओरडल्या,

"हात लावू नको! वढू दे तिला."