वाकडी मान

माझ्या लेकीला मान वाकडी करून बघायची खोड होती आणि मी ती मारून घालवली. हे मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कामाला, राहायला नेरूळला दोन खोल्या. पोरगी तिसरीत. टीव्ही बघताना मान उजव्या खांद्यावर, लिहिताना तशीच, देवाला हात जोडतानाही तशीच. "अगं ए, नीट बस की! मानेत हाड नाही का तुझ्या?" मी दिवसातून दहादा ओरडायचे. ऐकलं नाही की कानावर फूटपट्टी. सोसायटीतल्या बायका हसायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर्षभरात पोरगी सरळ बसायला शिकली. काय आनंद झाला होता मला! मग ती फळ्यावरचं चुकीचं उतरवायला लागली, तर त्याचा मार वेगळा.

शेवटी शाळेतून डोळे तपासून घ्या अशी बाईंची चिठ्ठी आली, तेव्हा आम्ही तिला खाडीपलीकडे, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. पोरीनं वरचं मोठं अक्षर वाचलं आणि गप्प.

"वाच की गं पुढचं!" मी म्हटलं.

"ताई, तुम्ही थांबा जरा. बाळा, तुला बरं वाटेल तशी बस."

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग हळूच मान उजवीकडे टाकली आणि खालच्या तीन ओळी धडाधड वाचून काढल्या.

दोन्ही डोळ्यांतली भिंगं जागेवरून सरकलेली होती, जन्मापासूनच. मान वाकडी केली की त्या सरकलेल्या भिंगातून तिला दिसायचं. म्हणजे पोरीनं आपली आपण वाट काढली होती, आणि मी ती बंद केली.

डाव्या डोळ्यातलं भिंग कधीही आत घसरून पडेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते काढायचं आणि कृत्रिम भिंग टाक्यांनी आत बसवायचं. "मोठ्यांमध्ये हे आम्ही करतो. एवढ्या लहान मुलांमध्ये आत्ता कुठे करायला लागलोय. टाके किती वर्षं टिकतील, खरंच सांगता येणार नाही."

"तुमची पोर असती तर?" नवऱ्यानं विचारलं.

त्यांनी पोरीकडे बघितलं. "घाबरले असते. पण केलं असतं."

गाळ्यावर सगळ्यांना दरडावणारा माणूस, पण ऑपरेशनच्या संमतीच्या कागदापुढे पेन धरून नुसता बसला. मला म्हणाला, "तू सांग." मी काय सांगू, कपाळ? जिला आपल्या पोरीची मान कळली नाही, तिला डोळ्यातलं काय कळणार? रडायलाही लाज वाटत होती. शेवटी त्यानं सही केली.

ऑपरेशन झाल्यावर हलायचं नाही असं सांगितलं होतं, तर पोरगी तसूभर हलली नाही. "किती गुणी हो तुमची मुलगी," नर्स म्हणाली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तो गुण कुठून आला ते मला ठाऊक होतं.

दीड महिन्यानं पुन्हा तक्ता. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं तिनं सरळ बसून पाच ओळी वाचल्या. नवऱ्याचे डोळे भरून आले. "दुसऱ्याला एवढ्यात हात लावायला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचे टाके कसे राहतात ते बघू." मग चांगला झालेला डोळा झाकून त्यांनी दुसऱ्यानं वाचायला सांगितलं.

पोरगी थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, या डोळ्यासाठी वाकडी करू?"

"कर गं बाई," मी म्हटलं, "हवी तेवढी कर."

तिनं मान वाकडी केली. पण त्याआधी सवयीनं हात वर उचलून कान झाकला.