रंग सोडणारे सुर्वेकाका

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या छताला ओल आली की सुर्वेकाका थेट वरच्या घराची बेल वाजवायचे आणि बाथरूमच्या जाळीतून बाटलीभर रंगीत पाणी सोडायचे. मग खालच्या घरात स्टुलावर बसून छताकडे बघत राहायचे. वरचे लोक किती का शपथा घेईनात, संध्याकाळपर्यंत रंग खाली उतरायचा. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून उभं आयुष्य गेलेलं. "माणसाला काय विचारायचं? पाइपाला विचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा माणसाने स्वतःची लघवी अडते हे दोन वर्षं लपवलं, याचा मला आजही संताप येतो. काकूंनाही सांगितलं नाही. पुरुषांच्या या लाजेवर मी चौकाचौकांत पत्रकं वाटत होते आणि माझ्याच जिन्यातला माणूस तोंड मिटून बसला होता. शेवटी तपासणीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मी तोंडावर सुनावलं. काका म्हणाले, "झालं भाषण? आता डॉक्टरकडे चल. प्रश्न बरे विचारतेस."

डॉक्टरांनी समजावलं, ऑपरेशनच्या वेळी प्रोस्टेटमध्ये एक रंग टोचायचा. तो जिकडे वाहत जातो त्या लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड्स, खास कॅमेऱ्यात हिरव्या चमकतात. आजार पसरलाच तर बहुतेकदा आधी तिथे पोचतो, म्हणून त्या काढून तपासायच्या. काका खुर्चीत पुढे सरकले. रंग उतरायला वेळ किती, भलतीकडे पाझरला तर काय, असं डॉक्टरांनाच विचारत सुटले. बाहेर पडले ते कामावर परत बोलावल्यासारखे.

ऑपरेशन झालं. चार ग्रंथी चमकल्या, त्या तपासायला गेल्या. आजार किती लांब गेलाय ते त्या रिपोर्टवरून कळणार होतं. तेवढ्यात माझं पत्रक छापून आलं, पाचशे प्रती. वर ठळक अक्षरांत, 'हिरवं चमकलं म्हणजे कॅन्सर!'

काकांनी चष्मा काढला. "पुढारीणबाई, रंग फक्त वाट दाखवतो. पाणी घाण आहे का, ते तपासल्यावर कळतं. हे वाचून एखादा ऑपरेशनलाच जायचा नाही."

मी म्हटलं, पुढच्या वेळी सुधारू. त्यांनी पेन मागितलं.

रिपोर्ट येईपर्यंत ते खाटेवर बसून एकेक पत्रक खोडत, 'हिरवं चमकलं तिथे तपासायचं' असं लिहीत होते. रिपोर्ट मीच वाचून दाखवला. तीन ग्रंथी स्वच्छ, एकीत आजार. काकू उठून आत गेल्या. काका छताकडे बघत राहिले.

"ती एक रंगामुळेच सापडली ना?"

"हो, काका. नेहमीच्या जागेपासून जरा लांब होती."

"मग चोख काम केलं त्याने."

उरलेला गठ्ठा त्यांनी पुढ्यात ओढला आणि आता प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ वाढवली: 'मी दोन वर्षं लपवलं. तुम्ही लपवू नका. मला येऊन विचारा.' खाली नाव आणि घर नंबर.

काका आता चामटोलीला मुलीकडे असतात, उपचार चालू आहेत. पण त्यांच्या जुन्या दारापाशी अजून कुणी ना कुणी पुरुष हातात घडी घातलेलं पत्रक घेऊन उभा असतो, जिन्यात इकडेतिकडे बघत. मी काही विचारत नाही. चामटोलीचा पत्ता लिहून देते.